'नाइस' आणि व्युत्पत्तीचा दंडुका

इंग्रजी भाषेतील 'नाइस' हा शब्द इतका साधा आहे की, त्याच्यावर वाद घालावा असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. चहा नाइस असतो, हवा नाइस असते, शेजाऱ्यांची सून नाइस असते आणि काल पाहिलेले नाटकही नाइसच असते. ज्याने इंग्रजीचे चारच धडे गिरवले आहेत, त्यालाही या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. परंतु अशा या निरुपद्रवी शब्दाच्या वाटेवर दोन पहारेकरी बसलेले आहेत. पहिला पहारेकरी इंग्रजीचा शिक्षक. मुलाच्या निबंधात हा शब्द दिसला की तो त्यावर तांबडी रेघ ओढतो आणि 'हा शब्द वापरू नये' एवढेच सांगून पुढचे पान उलटतो. दुसरा पहारेकरी अधिक विद्वान आहे. तो रेघ ओढीत नाही. तो मंद हसतो आणि विचारतो, 'आपण मला नाइस म्हणालात खरे. पण या शब्दाचा मूळ अर्थ अडाणी असा आहे, हे आपणांस ठाऊक आहे ना?' समोरचा माणूस ओशाळतो, आणि एका गृहस्थाची विद्वत्ता सिद्ध होऊन जाते.

पहिल्या पहारेकऱ्याशी आमचे भांडण थोडे आहे. त्याचा समाचार पुढे घेऊ. दुसऱ्याशी मात्र मुळातून भांडण आहे. शब्दाचा जो सर्वांत जुना अर्थ तोच त्याचा खरा अर्थ, आणि नंतरचे सारे अर्थ म्हणजे अडाणी लोकांनी केलेली मोडतोड, असे तो गृहीत धरून चालतो. हे गृहीत केवळ इंग्रजी शब्दांपुरते राहते तर आम्ही त्याच्या वाटेला गेलो नसतो. परंतु हाच दंडुका आपल्या घरातही फिरत असतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाच्या बोलण्यातला एखादा शब्द 'मुळाला सोडून' आहे असे ठरवून त्याच्या मराठीपणाविषयीच शंका घेण्याचा प्रकार या मासिकाच्या वाचकांना नवा नाही. म्हणून या वादात आपल्या घरचा साक्षीदार न बोलावता प्रथम परका साक्षीदार बोलावणे बरे. 'नाइस'च्या जबानीइतकी स्वच्छ जबानी दुसऱ्या फार थोड्या शब्दांची असेल.

त्याची वंशावळ अशी. लॅटिन भाषेत 'जाणणे' या अर्थाचा एक धातू आहे, 'स्किरे'. विज्ञानाला इंग्रजीत जो 'सायन्स' शब्द आहे, तो याच धातूपासून आला. सदसद्विवेकबुद्धीला जो 'कॉन्शन्स' शब्द आहे, तोही याच कुळातला. या धातूमागे 'न'कार लागून 'नेस्कियस' हे विशेषण झाले. त्याचा अर्थ न जाणणारा, अज्ञ. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचेच झिजून 'नीस' असे रूप झाले, आणि अर्थ झाला भोळसट, मूर्ख, गबाळा. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्याच्या बरोबर सुमारे 1300 च्या सुमारास हाही शब्द इंग्लंडात दाखल झाला. त्या वेळी एखाद्याला 'नाइस' म्हणणे म्हणजे त्याला मूर्ख म्हणणे होते, यात संशय नाही. आमच्या विद्वान पहारेकऱ्याची माहिती येथपर्यंत अचूक आहे. चूक आहे ती त्या माहितीवरून त्याने काढलेल्या निष्कर्षात.

कारण शब्द तेथे थांबला नाही. पुढील दोन-तीन शतकांत 'मूर्ख'पासून 'चंचल', 'विलासी', 'नखरेल', 'लाजाळू', 'नाजूक', 'चोखंदळ', 'काटेकोर' अशा कितीतरी अर्थांची वस्त्रे त्याने अंगावर चढवली आणि उतरवली. सोळाव्या-सतराव्या शतकांतील पुष्कळ ठिकाणी लेखकाला यांपैकी नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे कठीण आहे, असे ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या संपादकांनाही नमूद करावे लागले. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकाच्या शेवटच्या अंकात, रोमिओला धाडलेले पत्र त्याच्या हाती पडलेच नाही हे कळल्यावर धर्मगुरू लॉरेन्स हळहळतो आणि ते पत्र 'नाइस' नव्हते असे म्हणतो. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला वाटेल की पत्रात काही अप्रिय मजकूर होता. वस्तुतः लॉरेन्सला म्हणायचे आहे ते असे की, ते पत्र क्षुल्लक नव्हते. त्यावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून होते. 'क्षुल्लक' हाही त्या काळी या शब्दाचा एक चालू अर्थ होता.

पुढे 1755 साली सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश बाहेर पडला. त्यात या शब्दाचा पहिला अर्थ दिला आहे तो सूक्ष्म आणि काटेकोर निवाडा करणारा असा. गरजेपेक्षा अधिक काटेकोर, ही छटाही तेथेच नोंदली आहे. मौज अशी की, जॉन्सनने शब्दाची व्युत्पत्ती मात्र चुकवली. लॅटिन 'नेस्कियस'कडे न जाता त्याने 'मऊ' अशा अर्थाच्या एका सॅक्सन शब्दाशी त्याचा संबंध जोडला. आता आमच्या पहारेकऱ्याने उत्तर द्यावे. मूळ ठाऊक असल्याखेरीज शब्दाचा खरा अर्थ कळत नाही, असे जर असेल, तर इंग्रजीतल्या या महापंडिताला आयुष्यभर 'नाइस'चा अर्थ कळला नाही असे म्हणावे लागेल. परंतु त्याने दिलेले अर्थ त्याच्या काळच्या वापराशी जुळतात. मूळ चुकले आणि अर्थ बरोबर आला, हे कसे घडले? ते घडले याचे कारण जॉन्सनने अर्थ मुळातून काढले नव्हते. चांगल्या लेखकांच्या वाक्यांतून वेचले होते. व्युत्पत्ती हा त्याच्या नोंदीचा दागिना होता. नोंदीचा पाया लेखकांच्या वापरात होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सुखद', 'छान' हा आजचा अर्थ बोलीत सर्वत्र पसरला, आणि त्याबरोबर तक्रारखोरही जन्मास आले. त्यांतला सर्वांत गोड तक्रारखोर जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थेंजर ॲबी' या कादंबरीत भेटतो. ही कादंबरी लेखिकेच्या निधनानंतर 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिची नायिका कॅथरीन ही भोळी मुलगी. ॲन रॅडक्लिफच्या 'उडोल्फो' या कादंबरीला ती जगातले सर्वांत 'नाइस' पुस्तक म्हणते. त्यावर हेन्री टिल्नी तिला चिडवतो की, नाइस म्हणजे नीटनेटके असे म्हणायचे असेल तर ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून राहील. आजचा दिवस नाइस, आपले फिरणे नाइस, तुम्ही दोघी नाइस. मुळात हा शब्द टापटीप, औचित्य, नाजुकपणा आणि सुसंस्कृतता यांच्यापुरता असावा. आता मात्र कशाचीही स्तुती करायची झाली की हाच एक शब्द, असे त्याचे म्हणणे.

या विनोदी प्रसंगात आमच्या वादाचे मर्म दडलेले आहे. टिल्नी ज्याला 'मुळातला' अर्थ म्हणतो, तो मुळातला नव्हेच. तो प्रवासातल्या एका मधल्या मुक्कामाचा अर्थ आहे. त्याच्या आधी चारशे वर्षे तोच शब्द मूर्खाला लावला जात होता. टिल्नीला तारुण्यात ज्या रूपात शब्द भेटला, किंवा जॉन्सनच्या कोशात ज्या रूपात दिसला, त्या रूपाला त्याने 'मूळ' असे नाव दिले, एवढेच. त्याची बहीण त्याच्याहून शहाणी आहे. ती कॅथरीनला बजावते की, शब्द बदला, नाहीतर हा वाटभर जॉन्सन आणि ब्लेअर यांची नावे घेऊन आपल्याला नको नको करील. आणि भावाला ऐकवते की, तू शहाणा असण्यापेक्षा नाइसच अधिक आहेस. तिच्या तोंडी हा शब्द 'फाजील चोखंदळ' या जुन्या अर्थाने येतो. एका संभाषणात दोन अर्थ सुखाने नांदतात, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. शब्दाच्या अनेक अर्थांनी भाषा बुडते असे म्हणणाऱ्यांनी हे संभाषण पुन्हा एकदा वाचावे.

टिल्नी हे निदान कादंबरीतले पात्र होते. हेन्री वॉटसन फाउलर हा तर विसाव्या शतकातील इंग्रजीचा मान्यवर न्यायाधीश. 1926 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इंग्रजी वापराच्या कोशात या शब्दाविषयी त्याने निर्णय दिला की, स्त्रियांच्या अतिलाडाने या शब्दाचे व्यक्तित्व नाहीसे झाले आणि तो एका पुसट गोडव्याचा वाहक होऊन बसला. जो कोणी त्याचे अधिक 'योग्य' अर्थ वापरील तो भाषेची छोटीशी सेवा करील. फाउलरच्या विद्वत्तेला मान देऊनही विचारावे लागते की, हे 'योग्य' अर्थ कोणते? ते म्हणजे काटेकोर आणि सूक्ष्म. म्हणजे पुन्हा तोच मधला मुक्काम! 'मूर्ख' हा अर्थ परत आणावा असे त्यालाही सुचले नाही. मग स्त्रियांवर ठपका कशासाठी? मूर्खाला सूक्ष्म करणारे बहुधा पुरुष लेखक होते. त्यांनी केलेला बदल योग्य, आणि बायकांच्या बैठकीत झालेला बदल बिघाड! जुन्या अर्थाचा कैवार घेणाऱ्याच्या मनात पुष्कळदा भाषेपेक्षा बोलणाऱ्याविषयीचे मत अधिक असते, ते असे.

मुळाच्या भक्ताला आणखी एक प्रश्न आहे. मूळ शोधायचेच, तर 'नेस्कियस'पाशी का थांबावे? 'स्किरे' या लॅटिन धातूच्या मागे भाषाशास्त्रज्ञ आणखी एक पायरी उतरतात. एक वस्तू दुसरीपासून अलग करणे, कापणे, असा मूळ भाव ते सांगतात आणि संस्कृतातील 'छिद्' धातूशी त्याचे दूरचे नाते दाखवतात. पृथक् करता येणे म्हणजे जाणणे, असा तो विकास. तेव्हा मुळाशी निष्ठा हीच कसोटी असेल, तर 'अडाणी' हाही भ्रष्टच अर्थ ठरेल. खरा अर्थ 'न कापणारा' असा होईल, आणि हा शब्द सर्वांआधी बोथट चाकूला लावावा लागेल! या वाटेने जाणारा कोठे तरी थांबतोच, आणि जेथे त्याला सोयीचे असते तेथेच थांबतो. मग त्या थांब्याला तो 'मूळ' म्हणतो.

'नाइस' हा काही एकटाच नाही. त्याच्या उलट प्रवास 'सिली' या शब्दाने केला. आज त्याचा अर्थ वेडगळ. जुन्या इंग्रजीत तो 'धन्य', 'सुखी' या अर्थाचा होता, आणि त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' आजही पुण्यवंताला लावला जातो. 'फाँड' म्हणजे आज प्रेम करणारा, पूर्वी वेडा. 'नाइट' आणि 'नेव्ह' या दोन्ही शब्दांचा जुना अर्थ पोरगा. त्यांतला एक सरदार झाला आणि दुसरा लुच्चा. 'डिसेंबर' या नावातला आकडा दहाचा आहे, कारण जुने रोमन वर्ष मार्चपासून मोजले जाई. पण म्हणून डिसेंबरला बारावा महिना म्हणणाऱ्याचे कोणी कान धरीत नाही. मुळाचा नियम खरोखर लावायचा तर सर्वांना सारखा लावावा लागेल. आमचे पहारेकरी तसे करीत नाहीत. हजार शब्दांना ते मुकाट्याने वाट देतात आणि नावडत्या एका शब्दाला मात्र जन्माचा दाखला मागतात.

येथे एक गोष्ट पहारेकऱ्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. युरोपात या समजुतीला मोठी परंपरा आहे. व्युत्पत्तिशास्त्राला इंग्रजीत जे नाव आहे, 'एटिमॉलॉजी', त्याच्या पोटात 'सत्य' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. शब्दाचे मूळ सापडले की वस्तूचे सत्य सापडले, असे प्राचीन ग्रीकांपैकी अनेकांना वाटे, म्हणूनच या शास्त्राला हे नाव मिळाले. आजचे भाषाशास्त्र ते नाव वापरते, पण तो विश्वास ठेवीत नाही. म्हणजे मुळाचा दंडुका ज्या शास्त्राच्या नावाने उगारायचा, त्या शास्त्राचे नावच आपल्या मूळ अर्थापासून दूर गेलेले आहे. 

आणि आपल्याकडे तर हा प्रश्न फार पूर्वी निकालात निघालेला आहे. आपल्या शास्त्रकारांनी योग आणि रूढी असा भेद केला. अवयवांपासून निघणारा अर्थ तो योग, लोकव्यवहाराने ठरलेला अर्थ ती रूढी. आणि दोघांत विरोध आला तर रूढी बलवत्तर, असा निवाडा दिला. चिखलात जन्मते ते सारे पंकज नव्हे. पंकज म्हणजे कमळच. 'कुशल' या शब्दाची कथा तर 'नाइस'सारखीच आहे. कुश कापून आणणारा तो कुशल, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हा शब्द रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला. म्हणजे दर्भ आणणारा हा मुख्य अर्थ आणि निपुण हा लाक्षणिक, असे मानले. चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने यावर हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, शब्द ज्या कारणाने सिद्ध झाला ते व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि तो ज्या कारणाने वापरला जातो ते प्रवृत्तिनिमित्त वेगळे. 'निपुण' हाच कुशल शब्दाचा मुख्य अर्थ. व्युत्पत्तीचा अर्थच मुख्य मानाल, तर 'गाय निजली आहे' या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल. कारण 'गो' शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून झाला, आणि निजलेली गाय काही चालत नसते!

आमच्या मते या विषयावर यापेक्षा नेमके उत्तर कोणी दिलेले नाही. योगायोग असा की, त्याच चौदाव्या शतकात इंग्लंडात चॉसर आपले 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' हे काव्य लिहीत होता. त्याच्या दुसऱ्या खंडाच्या आरंभी तो सांगतो की, हजार वर्षांत भाषेचे रूप पालटते. एके काळी ज्या शब्दांना मोल होते ते आता आपल्याला विचित्र आणि खुळचट वाटतात. तरीही त्या लोकांनी ते शब्द वापरले, आणि प्रेमात त्यांचे काही अडले नाही. यातल्या 'खुळचट' या अर्थासाठी चॉसरने जो शब्द योजला आहे तो आमचाच साक्षीदार, 'नाइस'. शब्द बदलतात असे सांगणाऱ्या ओळीतला शब्दच पुढे बदलून गेला, आणि त्या काव्याचे महत्त्व तसूभरही कमी झाले नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, मुळाचा आधार सोडला तर भाषेत अंदाधुंदी माजेल. ज्याला जो अर्थ वाटेल तो त्याने करावा असे होईल. हा आक्षेप वरवर भारदस्त दिसतो. परंतु रूढी म्हणजे मनमानी नव्हे. रूढीइतके कठोर शासन दुसरे नाही. उद्या कोणी 'नाइस'चा अर्थ 'निळा' असा करू लागला तर त्याला कोणी शिक्षा करणार नाही; त्याचे बोलणे कोणाला समजणार नाही, हीच त्याची शिक्षा. 'मूर्ख'पासून 'छान'पर्यंतचा प्रवास कोणा एकाच्या लहरीने झाला नाही. मूर्खपणातून फाजील नखरा, नखऱ्यातून चोखंदळपणा, चोखंदळपणातून सूक्ष्मता, सूक्ष्मतेतून सुबकपणा आणि सुबकतेतून सुखदपणा, अशा कळत नकळत सरकणाऱ्या छटांना लक्षावधी बोलणाऱ्यांनी पाचशे वर्षे संमती दिली, तेव्हा तो झाला. आई-मुले, गिऱ्हाईक-दुकानदार, प्रेमिक-प्रेमिका यांपैकी कोणाचाही व्यवहार त्या काळात थांबला नाही. ही अंदाधुंदी असेल, तर सुव्यवस्था कशाला म्हणावे?

दुसरा आक्षेप पहिल्या पहारेकऱ्याचा, म्हणजे शिक्षकाचा. तो म्हणेल की, 'मला लॅटिन मुळाशी कर्तव्य नाही. मुले प्रत्येक वाक्यात हाच शब्द घालतात, त्यामुळे निबंध निर्जीव होतो.' हे म्हणणे आम्ही मान्य करतो. सगळ्यांना लावता येणारे विशेषण कोणालाच ओळखू देत नाही. मराठीत 'छान' आणि 'सुंदर' यांची गत याहून वेगळी नाही. परंतु हा दोष शब्दाच्या जातकुळीचा नव्हे, लिहिणाऱ्याच्या आळसाचा आहे, आणि त्यावर तांबडी रेघ हा उपाय नव्हे. 'सहल नाइस झाली' असे मुलाने लिहिले तर त्याला विचारावे की, काय नाइस होते? डोंगर होता की नदी होती, पाऊस होता की डब्यातल्या पोळ्या? मूल उत्तर देईल आणि निबंध आपोआप सुधारेल. नुसता शब्द खोडला की मूल त्याच्या जागी 'ब्यूटिफुल' लिहून मोकळे होते, आणि निबंध होता तेथेच राहतो. शिवाय सूक्ष्मतेचा जुना अर्थ मेलेलाही नाही. दोन कल्पनांतला बारीक भेद दाखवताना चांगला इंग्रजी लेखक आजही याच शब्दाचा आश्रय घेतो, आणि वकील कायद्याच्या नाजूक मुद्द्याला 'नाइस पॉइंट' म्हणतो. सरसकट बंदीने मुलांच्या हातून तोही अर्थ जातो.

मग व्युत्पत्तीचा अभ्यास व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. लॉरेन्सच्या पत्राचा अर्थ लावायला शब्दाचा इतिहासच उपयोगी पडतो. जुने ग्रंथ त्यांच्या काळच्या अर्थाने वाचावेत यासाठी व्युत्पत्तिकोशासारखा मित्र नाही. पण तोच कोश हाती घेऊन आजच्या माणसाच्या तोंडातला आजचा शब्द हिरावून घेणे म्हणजे आजोबांच्या कुंडलीवरून नातवाचे वय ठरवण्यासारखे आहे.

परक्या साक्षीदाराची जबानी येथे संपली. आता ज्या घरच्या प्रकरणासाठी त्याला बोलावले त्याकडे वळू. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. गीतेत राग आणि द्वेष हे परस्परविरोधी म्हणून जोडीने येतात. मराठीत मात्र राग म्हणजे क्रोध. 'अनुरागा'त तेवढे जुने प्रेम शिल्लक आहे. 'साहस' हा मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक, म्हणजे बळजोरीचा गुन्हा. मराठीत आपण साहसाबद्दल मुलांना पदके देतो. 'चेष्टा' म्हणजे संस्कृतात हालचाल आणि बंगालीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'संसार' म्हणजे हिंदीत जग. मराठीत नवरा-बायकोचा व्याप. आणि 'शिक्षा'? संस्कृतात आणि हिंदीत ती विद्या, मराठीत दंड. 2020 साली दिल्लीतील मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव बदलून हिंदीत 'शिक्षा मंत्रालय' असे झाले, तेव्हा ते वाचून कित्येक मराठी माणसांना हसू आवरले नसेल.

यांपैकी एकही मराठी अर्थ मुळाला धरून नाही. तरीही या अर्थांना कोणी भ्रष्ट म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मराठी लोकांनी ते शतकानुशतके वापरले, म्हणून ते मराठी अर्थ झाले. पण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथल्या मराठी घरात शेजारच्या भाषेच्या सहवासाने एखाद्या शब्दाला वेगळी छटा आली, की पुण्या-मुंबईकडून आलेला पाहुणा लगेच 'शुद्ध मुळा'ची आठवण करून देतो. पुण्यात बदललेला अर्थ रूढ आणि इंदुरात बदललेला अर्थ बिघडलेला, हा कोणता न्याय? फाउलरने विद्वानांचा बदल पोटात घालून बायकांचा बदल गुन्हा ठरवला, त्याच जातीचा हा न्याय आहे. मुळाचीच कसोटी लावायची ठरली, तर 'शिक्षा' शब्द विद्येच्या अर्थाने वापरणारा इंदूरचा मुलगा शुद्ध ठरेल आणि त्याला हसणारा पुण्याचा काका अशुद्ध ठरेल, हे त्या काकांच्या ध्यानात येत नाही.

परंतु हाच युक्तिवाद उलटा फिरवून काकांवर टाकण्याचा मोह आपल्यापैकी पुष्कळांना होतो. 'आमचाच अर्थ संस्कृताला धरून आहे, तुमचाच भ्रष्ट आहे,' असे महाराष्ट्राबाहेरचे काही अभिमानी लोक म्हणतात. त्यांनाही आमचे तेच उत्तर आहे. दंडुका त्यांच्या हाती गेल्याने चांगला होत नाही. पुण्यातल्या वाचकासाठी लिहिताना 'मुलांच्या शिक्षेची व्यवस्था' असे लिहिले तर वाचक भलतेच समजेल. म्हणून तेथे 'शिक्षण' लिहावे. अशुद्ध म्हणून नव्हे, समजणार नाही म्हणून. आणि आपल्या घरात, आपल्या गावच्या मंडळात, जेथे सर्वांना तो अर्थ कळतो, तेथे त्या शब्दाबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. लाज वाटून मुले मराठी बोलायचीच थांबली, तर तो तोटा एका अर्थाच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांत तो तोटा होताना आपण पाहत आहोत. चुकीच्या भीतीने मूल मातृभाषा टाकते आणि शेजारची भाषा उचलते. तेथे त्याला कोणी शब्दाचे मूळ विचारीत नाही.

तेव्हा शब्दाचा निवाडा करायचा असेल तर तीनच प्रश्न विचारावेत. तो कोण वापरतो? कोणापाशी वापरतो? आणि ऐकणाऱ्याला म्हणणाऱ्याचे मनोगत पोहोचते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर शब्दाचा जन्म कोठे आणि कोणत्या अर्थाने झाला ही गोष्ट जिज्ञासूंच्या आनंदाची आहे, न्यायनिवाड्याची नव्हे. 'नाइस' मूर्खाच्या घरी जन्मला आणि सभ्यांच्या बैठकीत जाऊन बसला. त्याला तेथून उठवण्याचा अधिकार कोणत्याही कोशाला नाही. आणि इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मराठी मुलाला त्याच्या शब्दासकट मराठीच्या पंगतीतून उठवण्याचा अधिकार तर मुळीच कोणाला नाही.